डिसेंबरच्या सुट्टीआधी शाळेत कोणाकोणाला भेट द्यायची?

शेवगा
मॅसॅच्युसेट्समधली सरकारी शाळा, मुलगी दुसरीत, इथलं पहिलंच वर्ष. सुट्टी लागायच्या आत शाळेतल्या लोकांना काहीतरी द्यायची पद्धत आहे एवढं कळलं. पण ‘लोक’ म्हणजे नेमके कोण?

यादी लिहायला बसले तर अशी झाली: वर्गशिक्षिका, वर्गातली पॅरा (शिक्षिकेची मदतनीस), इंग्रजीच्या जादा तासाच्या बाई, संगीत, चित्रकला, पीटी, लायब्ररी, नर्स, ऑफिसातल्या दोघी, प्रिन्सिपल, दोन कस्टोडियन (साफसफाई-देखभाल बघणारे), कॅफेटेरियातल्या तिघी, सकाळचा आणि दुपारचा असे दोन बसचालक, आफ्टरस्कूलच्या तिघी. एकूण २१. बजेट १२० डॉलर. भागाकार केला तर डोक्यागणिक पावणेसहा डॉलरसुद्धा येत नाहीत. कोणाला गाळायचं?

पाचवा_डबा
गाळू नका, पण भागाकारही करू नका. २१ जणांना साडेपाच डॉलरची मेणबत्ती दिली तर २१ मेणबत्त्या होतील, दुसरं काही नाही. यादीचे तीन ढीग करा.

पहिला ढीग पैशाचा, म्हणजे गिफ्ट कार्डाचा. यात कोण जाईल ते दोन प्रश्नांवर ठरवा. ही व्यक्ती माझ्या मुलीबरोबर आठवड्यात किती तास असते? आणि मी दिलं नाही तर तिला दुसरं कोणी देणार आहे का? वर्गशिक्षिकेला सगळा वर्ग देतो. वर्गातल्या पॅराला देणारे निम्मेही नसतात, कारण वर्गाच्या ईमेलवर तिचं नावच नसतं. बुटांची नाडी, सांडलेलं दूध, मधल्या सुट्टीतलं भांडण हे सगळं तीच बघते. बहुतेक ठिकाणी तिचा पगार ताशी असतो आणि सुट्टीचे दिवस बऱ्याचदा बिनपगारी जातात. तिला वर्गशिक्षिकेपेक्षा कमी द्यायचं काही कारण नाही.

दुसरा ढीग चिठ्ठीचा: संगीत, चित्रकला, पीटी, लायब्ररी, नर्स, प्रिन्सिपल. स्पेशल्सच्या, म्हणजे संगीत-चित्रकलेसारख्या तासांच्या, शिक्षकांकडे शाळेतली सगळीच मुलं जातात, कोणाकडून डॉलरची अपेक्षा नसते. मुलीच्या हातची चार ओळींची चिठ्ठी द्या, मात्र त्यात एक खरा तपशील हवा. ‘थँक यू फॉर एव्हरीथिंग’ लिहिलेली चिठ्ठी त्याच दिवशी कचऱ्यात जाते. ‘मला तुम्ही उकुलेलेवर शिकवलेलं गाणं अजून येतं’ लिहिलेली भिंतीवर लागते.

तिसरा ढीग एकत्र खाऊचा: ऑफिस, कस्टोडियन, कॅफेटेरिया. माणशी वस्तू नको, प्रत्येक खोलीला एक पेटी.

हिशेब: वर्गाच्या निधीत (वर्गशिक्षिकेच्या भेटीसाठी पालक मिळून काढतात ती वर्गणी) २०, पॅरा २०, बसचालक १० आणि १०, इंग्रजीच्या बाई १५, आफ्टरस्कूलच्या तिघींना दहा-दहा. झाले १०५. उरलेल्या १५ मध्ये खाऊच्या पेट्या. चिठ्ठ्यांना कागद घरचाच.

उंबरठा
वरच्याला अनुमोदन, पण तुम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये आहात म्हणून आधी कायदा बघा. सरकारी शाळेचे शिक्षक हे सरकारी कर्मचारी, त्यांना राज्याचा हितसंबंधांचा कायदा (प्रकरण २६८अ) लागू होतो. रूम पेरेंट (वर्गाच्या वतीने अशी कामं बघणारे पालक) झालेल्यांना हे पाठ असायला हवं, बहुतेकांना नसतं.

एका कुटुंबाकडून ५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट शिक्षकाला घेता येत नाही. ५० च्या आतली चालते. पण त्या भेटीमुळे शिक्षक तुमच्या मुलाला झुकतं माप देईल असं कोणाला वाटू शकत असेल, तर त्याला वरिष्ठांकडे लेखी नोंद करावी लागते. म्हणजे ४५ डॉलरचं कार्ड देऊन तुम्ही बाईंच्या डोक्यावर कागदपत्रं टाकता. २५ च्या पुढे जाऊच नका.

वर्गाच्या वतीने एकत्र भेट असेल तर मर्यादा १५० डॉलर. ही मर्यादा पूर्ण शालेय वर्षाची आहे, दर सणाची नाही. डिसेंबरात १५० दिले की जूनमध्ये हात रिकामे. म्हणून डिसेंबरात ७५ आणि जूनमध्ये ७५ असं वाटून घ्या. अट अशी की भेट ‘वर्गाकडून’ एवढंच लिहायचं. कोणी किती दिले आणि कोणी दिले नाहीत हे शिक्षकाला कळता कामा नये.

गोंधळ होतो तो इथे:
– कार्डावर फक्त पैसे देणाऱ्यांच्या मुलांच्या सह्या घेतल्या जातात. सह्या सगळ्या मुलांच्या घ्यायच्या, नाहीतर ती देणगीदारांची यादीच झाली.
– व्हेनमोवर (पैसे पाठवायचं ॲप) व्यवहार खाजगी न ठेवता पाठवला जातो आणि ‘मिस अमुक गिफ्ट’ सगळ्यांना दिसतं. गोळा करणाऱ्याने पहिल्या मेसेजमध्येच सांगावं: ‘प्रायव्हेट’ करा, शेऱ्यात बाईंचं नाव नको.
– ‘प्रत्येकी २५’ असा आकडा टाकला जातो. वर्गणी ऐच्छिकच हवी. ‘जमेल तेवढे, शून्यही चालेल’ असं लिहा. २२ मुलांच्या वर्गात निम्म्यांनी सात-सात डॉलर दिले तरी ७७ होतात.
– जास्त जमतात. २६० जमले म्हणून २६० चं कार्ड घेता येत नाही. वरचे पैसे वर्गासाठी पुस्तकं, टिश्यू, पेन्सिली, हेडफोन यांना लावा. वर्गाला दिलेली वस्तू ही शिक्षिकेची वैयक्तिक भेट धरली जात नाही. मात्र पैसे असे वळवणार आहात हे वर्गणी मागतानाच सांगून ठेवा.

पॅराचं पाकीट वेगळं करा. रक्कम किती असावी ते ऑफिसला एक ईमेल टाकून विचारा, दोघींना एकाच आकड्यात कोंबू नका.

शेवगा
दोघांचेही आभार. वर्गाच्या निधीत २० दिले आणि वर वर्गशिक्षिकेला घरचे बेसनाचे लाडू दिले तर चालेल ना?

उंबरठा
नाही. निधीत ज्याने पैसे घातले त्याच्याकडून शिक्षिकेने आणखी वेगळी भेट घ्यायची नाही, असा नियम आहे. एक तर निधी, नाहीतर स्वतःची भेट. मुलीची चिठ्ठी किंवा चित्र मात्र खुशाल द्या, त्याला बाजारात किंमत नसते. लाडूच द्यायचे तर निधीतून बाहेर राहा, कोणी विचारत नाही.

भाजणी
लाडवांचा विषय निघालाच आहे म्हणून. फराळ शाळेत पाठवण्याआधी तीनदा विचार करा.

अमेरिकेत अन्नाच्या वेष्टनावर ठळक लिहावे लागणारे ॲलर्जीचे ९ घटक आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे वर्ग, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोया आणि तीळ. तीळ १ जानेवारी २०२३ पासून त्यात आले. आता फराळाचं ताट समोर ठेवा. चिवड्यात शेंगदाणे, कडबोळी-चकलीत तीळ, शंकरपाळ्यात गहू, अनारशाला खसखस (ती यादीत नाही, पण समजावून कोण सांगणार), लाडवात काजू आणि तूप. शाळा नट-फ्री असेल तर चिवड्याचा डबा ऑफिसच्या टेबलावरूनच परत येतो.

बेसन स्वतः त्या नऊंत नाही. त्यामुळे काजू-बेदाणे न घालता, फक्त साखर, वेलची आणि साजूक तूप घालून केलेला बेसनाचा लाडू त्यातल्या त्यात सोपा. तरी चिठ्ठीवर ‘बेसन (चण्याचं पीठ), तूप (दूध), साखर, वेलची’ असं छापील अक्षरात लिहा. घरात त्याच कढईत शेंगदाणे भाजत असाल तर तेही लिहा. एकेक लाडू कागदी कपात, चारच्या डबीत. बाराची डबी नको. दुसऱ्याच्या घरचं काहीच न खाणारे खूप लोक असतात, त्यात अपमान नाही, सवय आहे.

ऑफिस आणि कस्टोडियनसाठी घरचं नकोच. क्लेमेंटाइनची ५ पौंडी पेटी घ्या, साधारण २५ ते ३० फळं निघतात. सोलायला सुरी लागत नाही, ॲलर्जीवाले आणि मधुमेहवालेही खातात. डिसेंबरात त्या खोल्यांत कुकीजचा इतका खच पडतो की फळं आधी संपतात. कॅफेटेरियातल्या बायकांना खाऊ देऊच नका, त्या दिवसभर अन्नातच असतात. त्यांना चांगलं हँडक्रीम, तेही बिनवासाचं. हात सतत पाण्यात आणि मोज्यात.

काटकसर
गिफ्ट कार्डाबद्दल.

व्हिसा-मास्टरकार्डचं प्रीपेड कार्ड घेऊ नका. २५ च्या कार्डावर चारेक डॉलर चालू करण्याचं शुल्क जातं, आणि शेवटचे २ डॉलर ३७ सेंट कुठे वापरायचे हे कोणाला कळत नाही. टार्गेट किंवा ॲमेझॉन सगळ्यांना चालतं. कॉफीचं कार्ड देताना समोरचा कॉफी पितो का हे आधी माहीत हवं. आपल्याकडे स्टारबक्सचा मोठा महिमा, पण शाळेच्या वाटेवर डंकिन असेल तर डंकिन.

दुकानात रॅकवरचं कार्ड उचलताना मागची खरवडायची पट्टी बोटाने तपासा. पट्टी उचकटलेली किंवा वर दुसरा स्टिकर असेल तर ते कार्ड घेऊ नका. चोर नंबर टिपून कार्ड परत लावतात, तुम्ही पैसे भरले की तासाभरात ते रिकामं होतं. काउंटरमागचं कार्ड मागून घेतलेलं बरं. पावती जपून ठेवा, कार्ड चालू झालं नाही तर दुरुस्तीला तीच लागते. रक्कम कार्डावर छापलेली नसेल तर आतल्या चिठ्ठीवर पेनाने लिहा, नाहीतर बिचारी व्यक्ती काउंटरवर उभं राहून ‘यात किती आहेत?’ विचारते.

ईमेलने ई-कार्ड शाळेच्या पत्त्यावर पाठवू नका. शाळांचे फिल्टर ते स्पॅममध्ये टाकतात, आणि देणाऱ्याला वाटतं पोचलं. ई-कार्ड घेतलंच तर छापून पाकिटात घाला.

मुदतीची चिंता नको. केंद्रीय नियमाने निदान ५ वर्षं, मॅसॅच्युसेट्समध्ये ७.

सहा_नंबर_बस
बसचालकांबद्दल कोणी नीट लिहिलं नाही. बस थांबते तेव्हा लाल दिवे लुकलुकत असतात, ‘स्टॉप’ची पाटी बाहेर आलेली असते आणि मागे गाड्यांची रांग असते. ती वेळ पालकांनी पायरीवर चढून आभार मानायची नाही. पाकीट सकाळी मुलीच्या हातात, दप्तरात नव्हे. तिने चढताना द्यायचं आणि जाऊन बसायचं, पाच सेकंदांचं काम.

पाकिटावर चालकाचं नाव आणि बस नंबर दोन्ही लिहा. शेवटच्या आठवड्यात बदली चालक हमखास असतात. नाव नसेल तर पाकीट त्यांच्या खिशात जातं, तेही निरागसपणे. नेहमीचा चालक दिसला नाही तर मुलीने पाकीट घरी परत आणायचं आणि तुम्ही ते बस कंपनीच्या डिस्पॅच ऑफिसात नेऊन द्यायचं. सकाळी आणि दुपारी वेगळे चालक असतील तर दोन पाकिटं, आणि बसमध्ये मुलांवर लक्ष ठेवणारी मॉनिटर असेल तर तिसरं. बस बहुतेक वेळा खाजगी कंत्राटदाराची असते आणि काही कंपन्यांत रोख घ्यायला बंदी असते, म्हणून कार्डच बरं.

काच नको, कुंडी नको, गरम कॉफीचा कप तर नकोच. चालू बसमध्ये ते ठेवणार कुठे? आणि वाइनची बाटली शाळेच्या कोणालाही नाही. शाळेच्या आवारात दारू चालत नाही, गुंडाळलेली असली तरी.

चालत येणाऱ्या मुलांसाठी क्रॉसिंग गार्ड, म्हणजे रस्ता ओलांडून देणाऱ्या. त्या बऱ्याच गावांत शाळेच्या नव्हे, पोलीस खात्याच्या पगारावर असतात. म्हणजे त्याही सरकारी, ५० ची मर्यादा त्यांनाही. उणे तापमानात तासभर उभ्या असतात. हातमोज्यांत ठेवायचे गरम होणारे हँड वॉर्मर मिळतात, एकदा वापरायचे. दहा जोड्यांचं पाकीट द्या, आठवड्यात संपतं.

कोरडा
मुळात हे सगळं कशाला? शिक्षकांना पगार आहे. तिकडच्या पद्धती आपण डोक्यावर घेतो.

पाचवा_डबा
सक्ती कोणाचीच नाही, शून्य देणारी कुटुंबं प्रत्येक वर्गात असतात आणि त्यांच्या मुलांना काही फरक पडत नाही. पडत असेल तर तो शाळेचा प्रश्न आहे, भेटीचा नाही. न देण्याचं ठरलं तरी एक बिनखर्ची गोष्ट करा: पॅराबद्दल प्रिन्सिपलला तीन वाक्यांचा ईमेल. नाव, नेमका प्रसंग, साधारण कधी. पॅराला सीसीत ठेवा. असा ईमेल कर्मचाऱ्याच्या फायलीला लागू शकतो आणि पुढच्या वर्षी तास कापायची वेळ येते तेव्हा तो कागद कामाचा असतो. २० डॉलरचं कार्ड जानेवारीत संपतं.

एडिसनकर
न्यू जर्सीत मॅसॅच्युसेट्ससारखा राज्यभर सारखा आकडा डोक्यात धरू नका. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचं स्वतःचं धोरण असतं, बोर्डाच्या साइटवर पॉलिसीमध्ये ‘गिफ्ट’ शोधा. खाजगी शाळेत हँडबुक बघा. आफ्टरस्कूल वायएमसीएसारख्या संस्थेचं असेल तर नियम त्या संस्थेचे.

आणखी एक. आपण दिवाळीला दिलं तर? डिसेंबरात त्यांच्या टेबलावर ढीग असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काही नसतं. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळा १ नोव्हेंबर २०२४ ला पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद राहिल्या, त्यामुळे आता समजावून सांगावंही फारसं लागत नाही. पाकिटात दोन ओळी: ‘आमच्या घरी नवं वर्ष आणि दिव्यांचा सण असतो, तेव्हा ज्यांचे आभार मानायचे त्यांना आम्ही काहीतरी देतो.’ शिवाय शिक्षक ज्यू, मुस्लिम, यहोवा विटनेस कोणीही असले तरी ‘मेरी ख्रिसमस’ लिहावं की नाही हा प्रश्नच उरत नाही. डिसेंबरातच द्यायचं तर ‘सुट्टीच्या शुभेच्छा आणि आभार’ एवढंच लिहा. यहोवा विटनेस सण पाळत नाहीत, पण आभाराची चिठ्ठी घ्यायला त्यांची हरकत नसते.

पंचांग
सगळं डिसेंबरातच उरकायचं का? इथे प्रत्येकाचा एकेक दिवस आहे, ते वापरा म्हणजे २१ जणांचा भार एकदम पडत नाही. शाळेचे समुपदेशक: फेब्रुवारीचा पहिला पूर्ण आठवडा. पॅरा: एप्रिलचा पहिला बुधवार. लायब्ररीयन: ४ एप्रिल. ऑफिसातल्या बाया: एप्रिलच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यातला बुधवार. शिक्षक: मेचा पहिला पूर्ण आठवडा. कॅफेटेरिया: मेचा पहिला शुक्रवार. नर्स: ६ ते १२ मेच्या आठवड्यातला बुधवार. कस्टोडियन: २ ऑक्टोबर, म्हणजे गांधी जयंतीला, हे विसरणं अशक्य.

म्हणून डिसेंबरात पॅरा, बस, आफ्टरस्कूल आणि वर्गाचा निधी. बाकीचे त्यांच्या-त्यांच्या दिवशी.

निवांत
पुण्याहून. इकडे दिवाळीला बसकाका, बसमधल्या ताई आणि वर्गाबाहेरच्या मावशी यांना पाकीट आणि फराळाचा पुडा. शिक्षकांना भेटी आणू नयेत असं पत्रक बऱ्याच शाळा काढतात, मावशींबद्दल पत्रकात काही नसतं. म्हणजे क्रम तुमच्यासारखाच निघाला. फक्त पाकीट इकडे रोख, आणि सुट्टीच्या आधीच्या शनिवारी द्यावं. त्यांचीही खरेदी असते.

कैरीचं_लोणचं
मुलं मोठी आहेत त्यांच्यासाठी: मिडल स्कूलला सहा-सात विषयांचे सहा-सात शिक्षक. सगळ्यांना कार्ड परवडत नाही आणि अपेक्षाही नसते. मुलाने स्वतः ईमेल लिहावा, तुम्ही लिहू नये, शिक्षकाला भाषा ओळखू येते. हायस्कूलला बारावीत कॉलेजसाठी शिफारसपत्र लागतं. पत्र पाठवून होईपर्यंत त्या शिक्षकाला काहीही देऊ नका, कितीही छोटं असलं तरी. उंबरठा यांनी लिहिलेला झुकत्या मापाचा मुद्दा तिथे अगदी तंतोतंत लागू होतो. पत्र गेल्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी, आणि प्रवेशाचा निकाल लागला की तोही कळवा. मुलं हे शेवटचं नेहमी विसरतात.

शेवगा
मग असं ठरवलं: निधीत २०, पॅरा २० (टार्गेट) आणि प्रिन्सिपलला ईमेल, बस १०+१०, इंग्रजीच्या बाईंना १५, आफ्टरस्कूल ३०. ऑफिसला आणि कस्टोडियनना मिळून एक क्लेमेंटाइनची पेटी, कॅफेटेरियाला हँडक्रीम. कस्टोडियन आणि बाकीच्यांचे दिवस फोनमध्ये टाकले. चिठ्ठ्या सगळ्या मिळून १४ होतात. सुट्टीआधीच्या शुक्रवारी सगळं एकदम नेऊन देते.

पाचवा_डबा
शुक्रवारी नको. सुट्टीच्या आदल्या दिवशी बहुतेक अर्धी शाळा असते, आणि बर्फामुळे शाळाच बंद झाली तर पेटी तुमच्याच घरी कुजेल. मंगळवारी-बुधवारी उरका. १४ चिठ्ठ्या दुसरीतलं मूल एका बैठकीत लिहित नाही, पाचव्या चिठ्ठीपासून पुढचं अक्षर वाचता येत नाही. १ डिसेंबरपासून रोज दोन, म्हणजे सात दिवसांत होतात. आणि कस्टोडियनची पेटी वेगळी करा. दुसऱ्या पाळीचा कस्टोडियन दुपारी येतो, तोवर ऑफिसातली फळं संपलेली असतात.

भाजणी
दोन लहान पेट्या घ्या, ३ पौंडी मिळतात. दुसरीवर ‘नाइट शिफ्ट’ असं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.